हजाराला दहा

रविवारी संध्याकाळी मी दादाच्या दुकानात बसते. दुकान म्हणजे कोपरखैरणेतला आठ बाय दहाचा गाळा, बाहेर पिवळ्या बोर्डावर लाल अक्षरांत झेरॉक्स, रिचार्ज, लाईट बिल, पैसे काढा, पैसे पाठवा असं एकाखाली एक लिहिलंय, आणि खरं सांगायचं तर दुकान तरतं ते शेवटच्या ओळीवर. आठवडाभर मी महापेला एका ऑफिसात हिशोब बघते आणि रविवारी पुन्हा हिशोबच बघते, म्हणून वहिनी हसते मला. पण दादाला जरा आडवं व्हायला मिळतं, आणि मला लोक बघायला मिळतात.

रविवारच का, तर नाक्यावरच्या लोकांचा आठवड्याचा हिशोब शनिवारी होतो. मुकादमाने रोख दिलेले असतात, त्यातले उधारीचे जातात, खोलीभाड्याचे बाजूला निघतात आणि उरलेले घेऊन माणूस आमच्याकडे येतो. आता तुम्ही म्हणाल यूपीआय आहे ना, 2016 पासून आहे, फुकट आहे, मग दुकानात कोण येतं? येतं ना. ज्याला मजुरी रोखच मिळते तो येतो. ज्याच्या खात्याला जोडलेला नंबर तीन वर्षांपूर्वीच बंद पडलाय तो येतो. ज्याचा फोन फुटलाय, ज्याचं खातं गावच्या बँकेत आहे आणि ते चालू करायला गावाला जायला लागेल, आणि गावाला जायचं म्हणजे आठ दिवसांची मजुरी बुडणार, तो येतो. म्हणजे यूपीआयच्या चाळणीतून जे खाली पडत नाहीत, अडकून राहतात, ते सगळे आमच्या काउंटरवर.

आमचा दर हजाराला दहा. कमीत कमी दहा. म्हणजे पाचशे पाठवणाऱ्याला दोन टक्के पडतात आणि पाच हजारवाल्याला एक, हे मी दादाला बोलले पण होते एकदा, तर तो म्हणाला अगं मशीनला काय, पाचशेला पण तेवढाच वेळ लागतो. बरोबर आहे त्याचं पण.

तर गंमत अशी की पैसे हातात घेतल्यावर मी एक प्रश्न विचारते, दहा वरून घेऊ की यातले कापू? आणि या एका प्रश्नाला माणूस काय उत्तर देतो त्यावरून मला त्याचं घर दिसतं. बहुतेक लोक म्हणतात वरून घ्या, तिकडे पुरते जाऊ देत. मागच्याच महिन्यात यवतमाळकडचा एक पोरगा आला, तुर्भे नाक्यावर उभा राहतो, अंगावर सिमेंट तसंच, प्लास्टिकच्या पिशवीची चौकोनी घडी, त्यात पंधराशे. घामाने नोटा एकमेकींना चिकटलेल्या. सोडवून सोडवून मोजल्या मी, मग त्याने मोजल्या, मग पंधरा रुपये दुसऱ्या खिशातून काढले, ते वेगळेच ठेवले होते त्याने. आयडी, ओटीपी सगळं झालं, 2024 च्या नोव्हेंबरपासून ते जास्तच कडक झालंय आणि दर वेळी लायनीतली लोकं चुळबुळ करतात. पावती आली तरी हा हलेना. फोन लावला, स्पीकरवर. “आले का बघ.” तिकडून बाईचा आवाज, मागे कोंबड्यांचा. “थांबा, पोराला वाचायला लावते.” अर्धा मिनिट शांत. मग एक बारीक पोरगं ओरडलं, “एक पाच शून्य शून्य!” तेव्हा हा गेला.

आणि काही जण, थोडेच, खाली बघत म्हणतात यातलेच कापा. ते पाचशेवाले असतात. त्यांच्या घरी चारशे नव्वद जातात.

मला हे सगळं एवढं लागतं त्याला कारण बाबा. बाबा माथाडी. पाटण तालुक्यातनं, ढेबेवाडीच्या पुढे आमची वाडी, तिथनं मामाच्या ओळखीने आधी मशीद बंदरला, मग मार्केट वाशीला आलं तसे इकडे. शंभर किलोची गोणी पाठीवर असायची त्या काळी. दर महिन्याला बाबा गावाला मनिऑर्डर करायचे, दोनशे रुपये, पुढे तीनशे. पोस्टाचं कमिशन होतं वीस रुपयांना एक रुपया, म्हणजे चक्क पाच टक्के, म्हणजे दोनशेला दहा रुपये. आज आमच्या दुकानात हजाराला दहा लागतात तेव्हा माणसं कुरकुरतात, बाबांनी दोनशेला दहा भरलेत आणि दहा तेव्हाचे दहा होते. अर्थात त्यात पोस्टमन डोंगर चढून दारात यायचा, पैसे हातात द्यायचा आणि खालच्या चिठोऱ्यावर लिहिलेले चार शब्द वाचून पण दाखवायचा, ते आमचं मशीन करत नाही.

आजी त्याला चहा दिल्याशिवाय सोडायची नाही. लांबून तो दिसला की ओट्यावरनं उठायची, “आलं का गं माझ्या लेकाचं?” असं आईला विचारायची, आईला काय माहीत असणार, पण विचारायची. आमची आख्खी वाडी अशीच वाट बघायची. घाटमाथ्यावर पाऊस ढीगभर आणि जमीन वीतभर, भात नि नाचणी पिकायची ती माघापर्यंत पुरायची, पुढचं सगळं मुंबईवर. सातारचे डोंगर असोत नाहीतर कोकण असो, त्या काळी गावं मनिऑर्डरवर उभी होती म्हणतात ते अजिबात वाढवून सांगितलेलं नाही. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, तेव्हा आमच्या वाडीतल्या गिरणीवाल्या घरांत पोस्टमन यायचा थांबला. आत्याच्या घरचं त्यातलंच. आत्याने पहिली शेळी विकली, मग तांब्याचा हंडा, मग दुसरी शेळी. हे आजी सांगायची तेव्हा हंडा शेळ्यांच्या मधे का विकला हे मला कळायचं नाही. आता कळतं. दुसरी शेळी गाभण होती.

म्हणजे पैसे आले तर घर तरतं, थांबले तर शेळी जाते. हे झालं ज्यांना येत होते त्यांचं.

आता खोपटातल्या काकूचं सांगते. आमच्या घराच्या वर, वाट संपते तिथे तिचं खोपट होतं, कुडाच्या भिंती, वर गवत शाकारलेलं, दर पावसाळ्याआधी ती स्वतः चढून गवत बदलायची. नवरा लवकर गेला, जमीन नाही, एक मुलगा, तो दुसऱ्यांची गुरं राखायचा. पोस्टमन तिच्या दारावरनं वरच्या वाडीला जायचा. दर महिन्याला जायचा, थांबायचा कधीच नाही. काकू दारात बसून तो जाताना बघायची आणि मग काही तरी काम असल्यासारखी आत जायची. हे मी बघितलंय, मी सात-आठ वर्षांची असेन तेव्हा.

मी मोठी झाल्यावर आजीला विचारलं होतं, की मग तिच्या पोराने का नाही मुंबई गाठली, सगळे गेले की. आजी म्हणाली, “कुणाच्या जिवावर जाईल?” आणि ते खरंच होतं. बाबा आले ते मामाच्या जिवावर. मामाने टोळीत घ्यायला लावलं, मामाच्या गाळ्यावर वळकटी टाकायला जागा मिळाली, खानावळीत मामाच्या नावावर महिनाभर उधार जेवले. पहिली मनिऑर्डर निघायच्या आधी तीन महिने बाबांना कुणीतरी पोसलंय. आणि त्या तीन महिन्यांत गावाकडे आजीचं भागत होतं कारण थोडी का होईना जमीन होती. काकूचा पोरगा गेला असता तर दुसऱ्या दिवशीच्या भाकरीचं काय, इथनं सुरुवात होती.

बांगलादेशात रंगपूर भागात 2008 साली एक प्रयोग झाला, मी त्याबद्दल ऑफिसात डबा खाता खाता वाचलं आणि मला आजीचंच वाक्य आठवलं. तिकडे भात कापणीच्या आधी दोन-तीन महिने कामच नसतं, उपासमार ठरलेली, त्याला तिकडे मोंगा म्हणतात. संशोधकांनी काय केलं, तर गरीब घरांना शहराच्या बसभाड्याएवढे पैसे दिले, साधारण साडेआठ डॉलर. बास. एवढ्यावर पाचातल्या एका घरातून एक माणूस बाहेर पडला, जो एरवी पडलाच नसता, आणि मागे राहिलेल्यांच्या ताटात जास्त आलं. बसभाडं अडवत होतं हो! बसभाडं पण नाही खरं तर, ते भाडं फुकट गेलं तर काय, ही भीती. पुढे हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर करायला गेले तेव्हा मात्र ती जमली नाही आणि 2019 ला बंद केली. म्हणजे बसचं तिकीट हातात देऊन गरिबी हटली असं काही नाही. पण घरचा माणूस पैसे पाठवतो या गोष्टीच्या आधी एक माणूस घराबाहेर पडावा लागतो, आणि सगळ्यात गरीब घराला तेवढंच परवडत नाही, हे त्यातून लख्ख दिसतं.

चिन्मय तुंबे म्हणून अर्थशास्त्रज्ञ आहेत, स्थलांतर हाच त्यांचा विषय. त्यांनी 2007-08 च्या सरकारी पाहणीवरून हिशोब मांडला होता की देशातल्या देशात घरी पाठवले जाणारे पैसे वर्षाला 10 अब्ज डॉलरच्या घरात आहेत आणि त्यातले 80 टक्के खेड्यांत जातात. आणि ज्या घरांत ते जातात तिथे घरखर्चाचा 30 टक्क्यांहून जास्त भार तेच उचलतात. केवढी मोठी गोष्ट आहे! पण अशी घरं किती, तर खेड्यांतल्या दहातलं एक. उरलेल्या नवांत सगळेच काकू नसतात, बागायतदार पण असतात, कबूल आहे. पण काकू त्या नवातच असते.

मोठे आकडे बघितले की आणखीच गोंधळायला होतं. परदेशातल्या भारतीयांनी 2024 मध्ये साधारण 129 अब्ज डॉलर घरी पाठवले असा जागतिक बँकेचा अंदाज आहे, जगात पहिला नंबर, पेपरात अभिमानाने येतं. रिचर्ड ॲडम्स आणि जॉन पेज यांनी 2005 साली 71 देशांचे आकडे घेऊन दाखवलं की बाहेरून येणारा असा पैसा माणशी 10 टक्क्यांनी वाढला की गरिबांचं प्रमाण 3.5 टक्क्यांनी घटतं. ऐकायला भारी वाटतं, पण मी हिशोबनीस, मी मांडून बघितलं. शंभरातले तीस गरीब असतील तर एकोणतीस होतात. एक जण वर आला. चांगलंच आहे की, त्या एकाला विचारा! पण तो एक कोण असेल? मला वाटतं गरिबीच्या रेषेच्या अगदी खाली, बोटभर अंतरावर उभा असलेला, ज्याचा भाऊ दुबईला पोचू शकला. खोपटातला नसेल.

आणि दुसरी बाजू, जिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. पाठवणाऱ्याची.

त्याच रंगपूरकडच्या गायबांधा जिल्ह्यातले लोक ढाक्याला कामाला जातात. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना अर्ध्या-पाऊण तासाचं ट्रेनिंग दिलं, की मोबाईलवरनं बिकाशने, म्हणजे तिकडच्या मोबाईल पैशांच्या सेवेने, पैसे कसे पाठवायचे. एवढंच. तर पाठवलेले पैसे 26 टक्क्यांनी वाढले, गावाकडचा घरखर्च 7.5 टक्क्यांनी वाढला, आणि मुख्य म्हणजे अगदी टोकाची गरिबी खरंच घटली, उधारी कमी झाली, मंदीच्या महिन्यांत पोटाला मिळालं. मी आधी म्हटलं ते खोडून काढणारी गोष्ट आहे ही एका अर्थी, कारण इथे खरंच तळातली घरं वर आली. फक्त त्यांच्यातला एक जण आधीच शहरात होता. आणि त्याच अभ्यासात पुढे लिहिलंय की शहरातल्या त्या माणसांची तब्येत, शरीराची आणि मनाची, दोन्ही बिघडलेली निघाली. पैसे पाठवणं सोपं झालं की जास्त पाठवावे लागतात, मग जास्त राबावं लागतं.

हे वाचून मी डब्याचं झाकण लावलं. बाबांच्या मानेचे दोन मणके गेलेत. डॉक्टरने एक्स-रे दिव्यासमोर धरला होता तेव्हा बाबा म्हणाले, “ह्यात काय नवीन, गोणी कुठं ठेवायचो ते दिसतंय.” आईला हसू आलं आणि मग रडू. आजीचं घर पत्र्याचं झालं, काकाचं शिक्षण झालं, आत्याच्या पोरीचं लग्न झालं, हे सगळं त्या मणक्यांनी केलंय. गावाकडे गरिबी हटली हे बरोबरच आहे, पण ती हटून कुठे गेली हे पण कधी तरी एक्स-रे धरून बघायला पाहिजे.

दुकानात एक गृहस्थ यायचे, येतात अजून, रबाळेला एमआयडीसीत सिक्युरिटीला आहेत, गाव परभणीकडे. विधवा बहिणीला दर महिन्याला दोन हजार पाठवायचे, पाच वर्षं चुकले नाहीत. 2024 ला लाडकी बहीण सुरू झाली, तिला पंधराशे यायला लागले, आणि यांनी एके दिवशी पंधराशेच पुढे केले. मी सहज विचारलं, यावेळी कमी? तर म्हणाले, “आता सरकार पण भाऊ झालंय, मी जरा श्वास घेतो.” मला तेव्हा राग आला होता, खरं सांगते. बहिणीच्या पदरात पंधराशे पडले म्हणता म्हणता हजारच पडले की! नंतर कळलं की ते पाचशे पोराच्या दहावीच्या क्लासला जातात, आणि त्या आधी क्लास नव्हताच. रॉबर्ट जेन्सन यांनी दक्षिण आफ्रिकेत अगदी हेच मोजलंय, तिथे म्हाताऱ्यांची सरकारी पेन्शन वाढली तेव्हा पेन्शनच्या दर रँडमागे, रँड म्हणजे तिथला रुपया, बाहेरगावच्या पोरांनी पाठवायचे पैसे पंचवीस ते तीस सेंटनी कमी झाले. आमच्या सिक्युरिटीवाल्या भाऊंचं रुपयामागे तेहतीस पैसे आलं. पण पोरं वाईट म्हणून नाही. ती पण तंगलेलीच होती.

आणि लॉकडाऊन. 24 मार्च 2020 च्या रात्री जाहीर झालं, आणि पुढच्या पंधरा-वीस दिवसांत दुकानातला प्रकारच उलटा झाला. नाक्यावरची माणसं यायची ती पाठवायला नाही, काढायला. गावाकडनं आले होते. पाचशे, सातशे, एकाला दोनशे. ज्या बायकांना यांनी वर्षानुवर्षं पाठवले त्यांनीच कुठनं तरी उधार उसनवार करून, कोंबड्या विकून इकडे पाठवले, भाड्याला आणि गॅसला. दादाने त्या दिवसांत कमिशन घेतलं नाही. बाबा म्हणाले नेहमीचं आहे हे, एसटीतून तांदळाचं पोतं यायचं ते काय होतं मग. हे जाणं-येणं एकाच दोरीवर चालतं. आणि दोरीचं एक टोक धरायला माणूस पाहिजे.

दोरीशिवाय पैसे गेल्याचं एक उदाहरण मला माहीत आहे, केनियातलं. गिव्हडायरेक्टली म्हणून संस्था आहे, लोकांच्या देणग्या घेऊन थेट गरिबांच्या मोबाईलवर पाठवते. सियाया भागात 653 गावं घेतली, त्यातल्या 10,500 घरांना साधारण हजार-हजार डॉलर दिले. आणि घर कसं निवडलं, तर छप्पर बघून. गवताचं छप्पर असेल तर द्यायचे, पत्रा असेल तर नाही. नंतर मोजलं तर एका डॉलरमागे त्या भागात जवळजवळ अडीच डॉलरची उलाढाल झाली होती, महागाई जेमतेम हलली होती आणि ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्यांच्या पण हातात जास्त खेळायला लागलं होतं. मी गवताच्या छपरापाशीच थांबले बराच वेळ. म्हणजे नात्यागोत्याचं काही नाही, ओळख नाही, मामा नाही, कुणी तरी वाट संपेपर्यंत चालत गेलं आणि छप्पर बघितलं. आमच्या वाडीत आले असते तर बाकी सगळी कौलं नि पत्रे सोडून थेट काकूकडे गेले असते.

आजी आपल्यातलं द्यायची तिला. मनिऑर्डर आली की पावशेर साखर, कधी दोन रुपये, कधी चिमणीला रॉकेल. पण ते आजीच्या मर्जीवर, आणि आजीची मर्जी म्हणजे, असो, गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये.

मागच्या दिवाळीला बाबांची लोखंडी ट्रंक साफ करायला काढली. त्यात मनिऑर्डरच्या पोचपावत्या, सुतळीने बांधलेल्या, जवळजवळ सगळ्यांवर आजीचा अंगठा, निळसर, कडेला गेलेला, घाईघाईने दिल्यासारखा. चहा उकळत असणार चुलीवर. मी एकेक बघत होते आणि मधेच एक वेगळीच निघाली. वीस रुपये. नाव आजीचं नाही, खोपटातल्या काकूचं, तिचं पूर्ण नाव, जे मला आख्ख्या आयुष्यात माहीत नव्हतं, नवऱ्याच्या नावासकट, मुक्काम, पोस्ट, तालुका. खाली अंगठा. इतका दाबून दिलेला की शाई कागदाच्या पाठीवर उतरलीय.

बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा शोधला, लावला, बघितलं, परत माझ्या हातात दिली.

“वेगळी कशाला केलीत?” मी म्हटलं. “आजीच्या दोनशेत वीस जास्त टाकायचे, दुसरा फॉर्म भरायचा वाचला असता.”

“मग पोस्टमन कसा थांबला असता तिच्याकडं,” बाबा म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.